रुग्णालयात जडणारा न्यूमोनिया

दाखल होताना न्यूमोनियाची लागण नसलेल्या रुग्णाला ४८ तासांनंतर तो झाला, तर तो रुग्णालयात जडलेला मानतात. शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाने रुग्ण दगावणे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. या आजाराचा स्वतंत्र अभ्यास मात्र कृत्रिम श्वसन रूढ झाल्यावर सुरू झाला.

कृत्रिम श्वसन रूढ होण्याची सुरुवात १९५२ च्या कोपनहेगनमध्ये सापडते. पोलिओच्या साथीत ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास थांबलेल्या रुग्णांची रीघ लागली. पहिल्या तीन आठवड्यांतल्या अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालण्याचा आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलण्याचा मार्ग काढला. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस या पिशव्या दाबत होते. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढे हातांची जागा यंत्रांनी घेतली, अतिदक्षता विभाग उभे राहिले. नळी मात्र कायम राहिली, आणि खोकून कफ बाहेर टाकण्याची शरीराची नैसर्गिक सोय तिने मोडून काढली.

साठच्या दशकात यंत्रावर श्वास घेणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांत स्यूडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू वारंवार सापडू लागले. डलासमधील संशोधक राइनार्झ, पिअर्स व सॅनफर्ड यांनी १९६५ मध्ये यंत्रांची तपासणी केली, तेव्हा दोष नेब्युलायझरमध्ये आढळला. हवा दमट ठेवण्यासाठी त्यात पाणी भरलेले असे. त्या पाण्यात जंतू वाढत आणि बारीक तुषारांवर बसून थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचत. ज्या उपकरणावर रुग्णाचा श्वास अवलंबून होता, तेच रोग पोहोचवत होते. उपाय साधा निघाला: अ‍ॅसिटिक आम्लाचा सौम्य द्राव उपकरणातून नियमित फवारायचा. संसर्ग घटला.

पण थांबला नाही. त्याचे कारण जोहान्सन यांनी पिअर्स व सॅनफर्ड यांच्यासह १९६९ मध्ये दाखवून दिले. निरोगी माणसाच्या घशात हे जंतू क्वचितच असतात, अत्यवस्थ रुग्णांपैकी मात्र निम्म्याहून अधिकांच्या घशात ते सापडले. त्याच रुग्णालयात राहणाऱ्या, पण शरीराने धडधाकट असलेल्या लोकांमध्ये ते फारसे नव्हते. म्हणजे नुसत्या मुक्कामाने हे घडत नव्हते, आजाराची तीव्रताही कारणीभूत होती. १९७२ च्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील २१३ रुग्ण तपासले गेले. घशात जंतूंनी ठाण मांडलेल्या ९५ जणांपैकी २२ जणांना, तर उरलेल्या ११८ पैकी अवघ्या चौघांना श्वसनमार्गाचा संसर्ग झाला. या विषयाच्या इतिहासात याहून महत्त्वाचा शोध दुसरा नाही. नळी घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती असलेल्या फुग्याच्या वर साचलेली लाळ घशातले हे जंतू घेऊन कडेने झिरपून खाली उतरते, आणि यंत्र कितीही स्वच्छ ठेवले तरी तिला अटकाव होत नाही.

इथून प्रतिबंधाचा भार परिचारिकांच्या रोजच्या कामावर आला. बार्सिलोनात १९९९ साली ८६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत खाटेची डोक्याकडची बाजू ४५ अंश उचलून ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांत न्यूमोनियाची शंका आली, उताण्या निजवलेल्यांमध्ये ३४ टक्क्यांत. फरक इतका ठळक होता, की चाचणी मध्येच थांबवण्यात आली. फुग्यावरचा स्राव ओढून घेणाऱ्या नळ्या आल्या. गुंगीचे औषध रोज थोडा वेळ बंद करून रुग्णाला स्वतः श्वास घेता येतो का, हे पाहण्याची पद्धतही पडली.

२००५ मध्ये अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी व्याख्या रुंदावली. गेल्या ९० दिवसांत रुग्णालयात राहून आलेले, शुश्रूषागृहात राहणारे किंवा नियमित डायलिसिस घेणारे रुग्णही ‘आरोग्यसेवेशी संबंधित न्यूमोनिया’ या नव्या वर्गात आले आणि त्यांना सुरुवातीपासूनच जहाल प्रतिजैविके देण्याचा सल्ला दिला गेला. हे पाऊल घाईचे ठरले. यातल्या अनेकांमध्ये औषधांना दाद न देणारे जंतू नव्हतेच. जहाल औषधे विनाकारण दिली जात होती. २०१६ च्या सूचनांतून हा वर्ग वगळण्यात आला.

तोंडाच्या स्वच्छतेबाबतही मत बदलले. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसण्याची पद्धत बराच काळ सर्रास चालू होती. तिच्यामुळे मृत्यू वाढत असावेत, अशी शंका पुढील विश्लेषणांतून आली. २०२२ च्या अमेरिकी शिफारशींत क्लोरहेक्सिडिन टाळायला सांगितले गेले आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे दात ब्रशने घासणे हे आवश्यक कामांच्या यादीत आले.