पूरछावणीतील कुपोषित बालक : अन्न हेच औषध, पण मोजून

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियातील हद्दपारी व उपासमार सोसून आलेल्या या निर्वासितांत स्त्रिया आणि मुलांचीच संख्या मोठी होती. पुढे २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील कुटुंबांना घरदार सोडून निवारा केंद्रांत राहावे लागले. चार दिवसांच्या पुराने तीव्र कुपोषण उद्भवत नाही. मात्र आधीच कृश असलेले मूल दूषित पाणी, अतिसार आणि अनियमित आहार यांमुळे झपाट्याने खालावते.

ओळख कशी पटते?

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असणे, उंचीच्या मानाने वजन अत्यंत कमी असणे किंवा दोन्ही पावलांवर सूज येणे, यांपैकी एकही लक्षण तीव्र कुपोषणाचे निदर्शक मानले जाते. सुजेमुळे मूल गुबगुबीत भासू शकते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. दंडाचा घेर मोजण्यास साधी रंगीत पट्टी पुरते.

उपचाराचे टप्पे

भूक शाबूत असलेल्या आणि अन्य गुंतागुंत नसलेल्या बालकावर घरीच उपचार करता येतात. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदी संस्थांनी २००७ मध्ये या पद्धतीचा एकत्रित पुरस्कार केला. शेंगदाणे, दूध भुकटी, तेल, साखर, जीवनसत्त्वे व खनिजे यांपासून केलेला उपचारात्मक आहार त्यासाठी वापरतात. त्यात पाणी नसल्याने जंतूंची वाढ सहसा होत नाही; छावणीत हा गुण मोलाचा ठरतो.

भूक मेलेले, ग्लानीत असलेले, तीव्र ताप किंवा सतत उलट्या असणारे मूल मात्र रुग्णालयातच हवे. तेथे प्रथम रक्तातील साखर व शरीराची ऊब सांभाळली जाते, प्रतिजैविके सुरू होतात आणि दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे सौम्य दूधमिश्रण देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असतात. प्रकृती स्थिरावल्यावर १०० उष्मांकांचे मिश्रण किंवा उपचारात्मक आहार सुरू होतो. लोहाची औषधे या पहिल्या टप्प्यात टाळतात. शिरेतून सलाइन सरसकट देत नाहीत, कारण अशक्त हृदयाला तो भार पेलवत नाही.

मायेपोटी होणारी घाई

उपाशी मुलाला पोटभर खाऊ घालावे, ही भावना स्वाभाविक आहे. परंतु दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर आहार मिळाल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम वेगाने पेशींत शिरतात. हृदयाची गती बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. मदतीतून आलेली डब्यातील दूध भुकटीही अस्वच्छ पाण्यात कालवल्यास अतिसाराला निमंत्रण देते. भारतात १९९२ च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय म्हणून दिल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांच्या जाहिरातीवर व मोफत वाटपावर निर्बंध आहेत. आपत्तीतही स्तनपान सुरू ठेवणे, हेच तान्ह्या मुलाचे सर्वांत भक्कम संरक्षण होय.

पूर ओसरला म्हणजे उपचार संपले, असे नव्हे. दंडाचा घेर १२५ मिलिमीटरपर्यंत पोहोचून सूज पूर्ण उतरेपर्यंत गावी परतलेल्या मुलाचा पाठपुरावा अंगणवाडी व आरोग्य केंद्राकडून होणे आवश्यक असते. मदत करू इच्छिणाऱ्या नागरिकांनी दुधाचे डबे धाडण्यापूर्वी आरोग्य यंत्रणेला गरज विचारावी. पिण्यायोग्य पाणी आणि स्तनदा मातेसाठी आडोशाची जागा अनेकदा अधिक उपयोगी पडते.