पहाटेच्या वेशीवरचा बासरीवाला

सायकेडेलिक रॉकची चर्चा बहुधा नशेपाशीच थांबते. पिंक फ्लॉइडच्या 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' (१९६७) या पहिल्या अल्बमला तो निकष अपुरा पडतो, असे आम्हांस वाटते. हे शीर्षकच केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' (१९०८) या बालकादंबरीतील सातव्या प्रकरणाचे आहे. बहुतेक गीते लिहिणाऱ्या सिड बॅरेटने बुजगावणे, मांजर, सायकल असे बालविश्व गिटारच्या कल्लोळात आणले. ग्रॅहमचा पॅनदेव बासरीवादनानंतर प्राण्यांना विस्मृतीचे वरदान देतो, कारण त्या सौंदर्याच्या आठवणीने पुढील जगणे झाकोळू नये. १९६८ मध्ये बॅरेट बँडबाहेर पडला. मागे उरलेल्या सहकाऱ्यांना मात्र ते वरदान लाभले नाही. १९७५ च्या 'विश यू वर हिअर'वर त्याच्याच आठवणीची सावली आहे.