सुरैया, कृत्तिका आणि मातारिकी

आपल्याकडे सुरैया आणि परवीन नावाच्या मुली घराघरांत आहेत. सुरैया हा अरबी शब्द, परवीन फारसी. दोन्हींचा अर्थ एकच : आकाशातला तो दाटीवाटीने बसलेला तारकांचा पुंजका, ज्याला मराठीत आपण कृत्तिका म्हणतो. याच पुंजक्याला न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी 'मातारिकी' म्हणतात. त्यांचे नवे वर्ष या ताऱ्यांच्या दर्शनाने सुरू होते.

काही आठवडे दिसेनासा झालेला हा पुंजका जून-जुलैमध्ये पहाटे पूर्वेला पुन्हा उगवतो. तिकडे तेव्हा ऐन हिवाळा असतो. पण नुसता तारा दिसून भागत नाही, चंद्रही योग्य कलेत असावा लागतो. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. माओरी महिनेही चंद्राचेच. पण ऋतूंशी मेळ राहावा म्हणून ते आपल्या अधिक मासासारखा तेरावा महिना धरतात.

मातारिकीत नऊ तारे मानतात. एक जमिनीत पिकणाऱ्या अन्नाचा, एक गोड्या पाण्याचा, एक समुद्राचा, एक पावसाचा, एक वाऱ्याचा. कोणता तारा स्वच्छ दिसतो, कोणता धूसर, यावरून येत्या वर्षाचा अंदाज बांधला जाई. पोहुतुकावा हा तारा वर्षभरात वारलेल्यांचा. त्याच्याकडे पाहून त्यांची नावे घेतात, रडतात. हिवा-इ-ते-रांगी हा इच्छांचा. आधी शोक, मग आशा, असे ते नववर्ष.

सगळ्या जमाती मातारिकीच पाहतात असेही नाही. पश्चिमेकडच्या काही जमाती पुआंगा, म्हणजे आपण ज्याला राजन्य म्हणतो तो तारा पाहतात. ईदच्या चंद्रावरून दरवर्षी होणारी चर्चा ऐकणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

हे ज्ञान जवळजवळ संपले होते. 1867 च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आली. 1907 मध्ये 'तोहुंगा', म्हणजे पारंपरिक जाणकार, यांच्यावर बंदी घालणारा कायदा झाला. तो 1962 मध्ये रद्द झाला. भाषा गेली की ताऱ्यांची नावे जातात, आणि नावे गेली की आकाश नुसते ठिपक्यांचे उरते.

पण एका घरात लिहिणे चालू होते. ते कोकाऊ आणि त्यांचा मुलगा यांनी 1898 ते 1933 या काळात चारशे पानांचे हस्तलिखित तयार केले. त्यात सुमारे एक हजार ताऱ्यांची आणि 103 तारकासमूहांची नावे होती. ते आजोबांच्या कपाटातून नातवाच्या हाती आले. तो नातू म्हणजे प्राध्यापक रंगी मातामुआ. त्यांनी ते अभ्यासून 2017 मध्ये पुस्तक लिहिले. पुढे सरकारी सुट्टीच्या तारखा ठरवणाऱ्या जाणकारांचे नेतृत्वही त्यांनीच केले. 24 जून 2022 रोजी न्यूझीलंडने मातारिकीची पहिली राष्ट्रीय सुट्टी पाळली. 2023 मध्ये तीच सुट्टी 14 जुलैला आली, कारण चंद्र सरकला होता.

कायद्याने सुट्टी मिळते, ताऱ्यांची नावे मिळत नाहीत. ती कुणीतरी, बंदीच्या दिवसांतही, आपल्या भाषेत लिहून ठेवावी लागतात. आपल्याही घरांत आजोबांच्या पेट्या आहेत. त्यांत उर्दूत, मोडीत लिहिलेले कागद आहेत. रद्दीवाला येण्याआधी ते एकदा उघडून वाचायला हवेत.