राय, शाळू आणि उघडं रान



मागच्या आठवड्यात भावकीतल्या एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला शेतकरी मका काढून लगेच त्याच रानात राय पेरतोय. मला आधी वाटलं, आपली राई, मोहरी. तसं नाही. हे गव्हाच्या जातकुळीतलं धान्य आहे. जर्मनी, पोलंड, रशियाकडं याचा काळपट पाव खातात. मूळचं तुर्कस्तानाकडचं. गव्हात, जवात तण म्हणून उगवायचं. जिथं थंडीनं गहू मरायचा तिथं हे तण जगायचं, मग लोकांनी तणच पेरायला घेतलं. बर्फात तग धरतं, वाळूच्या हलक्या रानात येतं, मुळ्या दाट. हिवाळाभर जमीन झाकलेली राहते, आणि पुढं ते आडवं पाडून त्यातच दुसरं पीक पेरतात.

पोरगं म्हणालं, "काका, आपण पेरू का?"

हिवाळी रायीला निसवायच्या आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. आपल्या पौषातल्या गारठ्यानं तिचं भागत नाही. आणि काटक धान्यच पाहिजे तर आपल्याकडं शाळू आहे. पाटोदा, आष्टी, शिरूरच्या पट्ट्यात आमच्या आज्या-पणज्यांनी त्याच्यावरच दिवस काढले. हस्ताच्या आगंमागं तिफणीनं पेरायचा. पुढं चार महिने आभाळातून थेंब नाही पडला तरी काळ्या रानातल्या ओलीवर येतो. रान भेगाळायला लागलं की कोळपं धरायचं. कोळपणी तणासाठी असते तशी भेगा बुजवायलाही असते. मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतूनच निवडला. आज परभणीचे नवे वाण आलेत, तरी भाकरीला आणि कडब्याला लोक अजून मालदांडीच मागतात.

पण एक फरक आहे, तो व्हिडिओ बघताना पहिल्यांदा डोक्यात आला. राय ज्या दिवसांत रानात उभी असते, त्याच दिवसांत तिकडची माती पावसानं, वाऱ्यानं जायला बघते. आपला शाळू उभा असतो तेव्हा पाऊसच नसतो. मृगापासून हस्तापर्यंत, म्हणजे माती जायच्या दिवसांत, शाळवाचं रान उघडं. म्हाताऱ्यांनी ते आळसानं उघडं नाही ठेवलं. वखराच्या पाळ्या घालून पाणी मुरवायचे, ओल साठवायचे. ओल साठली, पण उतारावरची माती गेली. आमच्या वरच्या तुकड्यात आता नांगराला मुरूम लागतो.

हे काही मलाच दिसलंय असं नाही. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चाललं. कानिटकर त्यात प्रमुख होते. उतारावर वाहून जाणारं पाणी आणि माती त्यांनी मोजली. बांध घाला, शेणखत द्या, बियाणं कमी वापरून ओळी लांब ठेवा, कोळपण्या वाढवा, असं त्यांचं सांगणं. १९४२ ला मुंबई सरकारनं जमीन सुधारणेचा कायदा केला, त्यात बांधबंदिस्ती आली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं तो कायदा आपल्याला लागू नव्हता. आमच्या भागात बांध खऱ्या अर्थानं बघितले ते १९७२ च्या दुष्काळी कामांवर. वडील त्या कामावर होते. पाटीनं माती टाकायची आणि सुकडी खायची, एवढंच ते सांगायचे.

बांधानं माती अडते, पण वावराच्या पोटात ती हलतेच. म्हणून २०१८ ला मी दोन एकरांत जूनमध्ये ताग पेरला आणि फुलावर आल्यावर ऑगस्टमध्ये गाडला. रान बघून लोक थांबायचे. मग परतीचा पाऊसच आला नाही. तागानं ओल पिऊन टाकलेली, गाडलेला ताग कुजायलाही पाणी नाही. शाळू निम्मा उगवला आणि वाळून गेला. शेजाऱ्याच्या उघड्या रानात निदान कडबा झाला. त्या साली जनावरांना कडबा विकत आणला, त्याचं बोलणं घरात अजून निघतं.

म्हणून पोराला 'पेरू' असं एकदम म्हणालो नाही. रायवाल्यांकडं वसंतात पाऊस असतो, तरी कोरड्या भागात तेही ओलीसाठी राय लवकर मारतात. आपल्याकडं तर चुकीला जागाच नाही.

आता मी उताराला आडवे पट्टे करतो. एक पट्टा उडीद, एक उघडा. उडीद सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत निघतो, पाला तिथंच पडतो, आणि शाळवाला पेरणीची वेळ सापडते. उडदाच्या पट्ट्याखाली पाणी जरा निवळ येतं, उघड्याखाली गढूळ. पण पेरताना उघड्या पट्ट्यात ओल चार बोटं वर लागते, तेही खरं. यंदा दोन्हीकडं खुंट्या ठोकल्यात, माती किती खाली जाते ते बघायला. परभणीकडची, कृषी खात्यातली मंडळी हे वाचत असतील तर सांगा, उडदापेक्षा कमी ओल पिणारं आणि रान झाकणारं काय आहे? मटकी पसरते लवकर, पण ती निघायला शाळवाची पेरणी उलटून जाते.