शिलालेखांचा वाचक पोलेमोन

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पोलेमोन हा इलिऑनचा, म्हणजे होमरच्या ट्रॉयच्या भूमीचा रहिवासी. ग्रीक नगरांतील देवालये, अर्पणवस्तू आणि कोरीव लेख यांची वर्णने त्याने लिहिली. केवळ अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील अर्पणवस्तूंना त्याने चार खंड वाहिले होते, असे स्ट्रॅबो नमूद करतो. यांपैकी एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. इतरांनी उद्धृत केलेले त्याचे उतारे लुडविग प्रेलर याने १८३८ मध्ये संकलित केले.

प्राचीनांनी त्याला ‘स्तेलोकोपास’ असे टोपणनाव दिले होते. त्यात शिलास्तंभांच्या मागे लागलेल्या माणसाची थट्टा आहे. परंतु या छंदाचे मोल एका उदाहरणावरून ध्यानी येते. ‘पॅरासाइट’ या शब्दाचे मूळ असलेला ग्रीक ‘पारासितोस’ म्हणजे अन्नाला जोडीने बसणारा. ग्रीक सुखात्मिकेत तो आपल्याकडच्या भोजनभाऊसारखा हास्यास्पद झाला. पोलेमोनने मात्र अथेन्सजवळच्या किनोसार्गेस येथील हेराक्लिसच्या देवस्थानातील एक शिलालेख उतरवून घेतला. आल्किबियाडिसने मांडलेल्या त्या ठरावानुसार पुरोहिताने मासिक बली या ‘पारासितोस’ मंडळींसह द्यावयाचा होता. त्यांची निवड अनौरस गणल्या गेलेल्यांतून व त्यांच्या मुलांतून होई आणि हे काम नाकारणाऱ्यास न्यायालयात उभे केले जाई. उपहासाचा विषय झालेला शब्द एके काळी धर्मकृत्याचे पद होता, हे या नकलेमुळे कळते.

हा उतारा आपल्यापर्यंत आणला तो इ. स. २०० च्या सुमाराच्या अथेनिअसने. त्याच्या ग्रंथाचा विषय मेजवानी. साहजिकच पोलेमोनमधून त्याने पेले, पक्वान्ने आणि पंक्तींचे रिवाज वेचले. म्हणून उरलेला पोलेमोन खाद्यपेयांत रमलेला दिसतो, आणि अक्रोपोलिसचे चार खंड जवळजवळ मूक राहतात. ही निवड अथेनिअसची आहे. लुप्त ग्रंथकाराविषयी मत बनवताना उद्धृत करणाऱ्याची अभिरुची आधी वजा करावी लागते, हा वाङ्मयेतिहासाचा साधा पण वारंवार विसरला जाणारा नियम आहे.

डेल्फी येथे सापडलेल्या, इ. स. पूर्व १७७-७६ च्या सुमाराच्या एका सन्मानयादीत इलिऑनच्या पोलेमोनचे नाव कोरलेले आहे. ग्रंथ गेले, ज्या दगडांवर त्याने आयुष्यभर विश्वास टाकला, त्यांतल्याच एकाने त्याचे नाव राखले.