रंगभूषेतील रंगविचार

रंगभूषेतील रंगविचार : चेहऱ्याचा मूळ वर्ण, शेजारचा रंग आणि प्रकाश यांचा मेळ घालून प्रसाधनाचा रंग ठरवण्याची पद्धत. यात रंगाचे तीन गुण पाहतात : छटा (तांबडी की पिवळी), उजळपणा (फिका की गडद) आणि तीव्रता (भडक की मंद). अमेरिकन चित्रकार अ‍ॅल्बर्ट मनसेल यांनी १९०५ मध्ये ही मांडणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

प्रसाधनाचा खरा रंग त्वचेवर गेल्यावरच ठरतो, हे सोलापूर जिल्ह्यातील कुंकवावरून चांगले उमगते. पंढरपूर हे कुंकवाच्या व्यवसायाचे जुने केंद्र. पारंपरिक कुंकू हळदीपासून करतात. हळदीतले पिवळे करक्युमिन चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने तांबडे होते. पण तेच कुंकू गोऱ्या कपाळावर गडद दिसते आणि सावळ्या कपाळावर उजळ, कारण डोळा कोणताही रंग शेजारच्या रंगाच्या तुलनेत पाहतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेवरल यांनी हा नियम १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेतील काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा भासतो, हे त्यांनी दाखवले. चादरी विणणाऱ्या सोलापूरला हा अनुभव परका नाही.

रंग वर्तुळात मांडलेल्या रंगचक्रावर समोरासमोर असलेले रंग मिसळले की परस्परांची तीव्रता मारतात. म्हणून मुरमांच्या लालीवर हिरवट आणि डोळ्यांखालच्या निळसर काळपटपणावर नारिंगी करेक्टरचा पातळ हात देऊन मग फाउंडेशन लावतात. सावळ्या चेहऱ्यावर थेट फिके फाउंडेशन थापले, तर नुसता उजळपणा वाढतो, त्वचेतली ऊबदार छटा झाकली जाते आणि चेहरा राखाडी दिसतो.

रंगचक्र कागदासाठी आहे, त्वचेसाठी नाही, हा आक्षेप अंशतः खरा आहे. त्वचा काहीशी पारदर्शक असते. मेलॅनिन हे त्वचेतले रंगद्रव्य आणि रक्त यांचा रंग तिच्यातून डोकावतो. त्यामुळे चक्र फक्त दिशा दाखवते, प्रमाण डोळ्यानेच ठरवावे लागते. शास्त्र न शिकताही बायका पिढ्यान्‌पिढ्या नेटक्या नटल्या, हेही खरेच. त्यांच्या सरावलेल्या नजरेने हीच तुलना केली होती. आज मात्र तयार छटा अनोळखी त्वचेसाठी बनून येतात, तेव्हा नियम माहीत असलेला बरा. छटा जबड्याजवळ लावून दिवसाच्या उजेडात पाहावी. जी त्वचेत मिसळून वेगळी दिसत नाही ती योग्य, मग ती गव्हाळ असो की काळीसावळी. वर्ण बदलण्याचा आग्रह या शास्त्रात बसत नाही.