तीन बोटांचा इतिहास

आज ऐकता ऐकता एक छोटं काम करा. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकाला एक चिकटवून उभी धरा आणि तोंड उघडून वरच्या-खालच्या दातांच्या मधे बसतात का बघा. बसली ना? मग ठीक. माझ्या एका मित्राची बसत नाहीत. त्याची दीडच बोटं जातात. वय २८. वडापाव तो हातानं कुस्करून खातो.

आम्ही दोघं मुळशी तालुक्यातले. गाव कोळवण, नोकरी हिंजवडीत. म्हणजे भातखाचरं आणि आयटी पार्क, दोन्ही एकाच तालुक्यात. सध्या रील्सवर जॉलाईनसाठी कडक च्युइंगगम चघळायची फॅशन आहे. पण आपल्याकडे जबड्याची खरी गोष्ट वेगळ्याच चघळण्याची आहे. सुपारीची.

आता सुपारी वाईट, असं आपल्या घरात कुणी म्हणेल का? लग्न ठरलं की सुपारी फुटते. पूजेत गणपती सुपारीचाच. अवघड काम अंगावर घेतलं की आपण 'विडा उचलला' म्हणतो. जेवणानंतर पानाचं तबक फिरायचं, अडकित्त्यानं सुपारी कातरली जायची. ते सगळं सावकाश चालायचं.

तंबाखू त्या मानानं पाहुणी. पोर्तुगीजांमुळे ती पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये पसरली. इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरला आला. तिथं त्यानं तंबाखू पाहिली आणि बादशहासाठी आग्र्याला नेली. म्हणजे मुघल दरबाराला ही चीज दख्खनकडून कळली. पुढे गावोगाव तिची रूपं ठरली. पुरुषांच्या कमरेला चंची, त्यात तंबाखू आणि चुन्याची डबी. बायकांकडे मिश्री, म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. दात घासायला म्हणून सुरू व्हायची आणि दिवसातून चार-पाच वेळा लागायची. माझी आजीही लावायची.

आता डेटाकडे येऊ. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरनं पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांची नोंद केली. त्यांच्या तोंडाचं आतलं अस्तर कडक होत होतं. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशींनी हाच आजार वर्णन केला आणि त्याला नाव दिलं, सबम्युकस फायब्रोसिस. १९६६ मध्ये मुंबईच्याच डॉ. सत्यवती सिरसाट आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी त्यावर सविस्तर लिहिलं.

मग एक भन्नाट काम झालं. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे जिथं अणू आणि ताऱ्यांवर संशोधन चालतं तिथं, दातांच्या संशोधनाचाही एक विभाग होता. डॉ. फली मेहता तो चालवायचे. त्यांच्या टीमनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. किती? १,०१,७६१. स्मार्टफोन नाही, एक्सेल नाही, नुसते कागदाचे फॉर्म! १९७२ मध्ये निष्कर्ष छापून आले. तंबाखूचं व्यसन भरपूर होतं, तोंडातले पांढरे चट्टे होते, कॅन्सरही होता. पण तोंड आखडण्याचा हा आजार? दहा हजारांत जेमतेम तिघांना.

हा आकडा लक्षात ठेवा. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीत, आपल्याच जिल्ह्यात, हा आजार जवळजवळ नव्हता. कारण त्यांची मुख्य सवय तंबाखू-चुन्याची होती, सुपारीची नव्हे. सुपारी पानासोबत, कधीमधी.

मग बदललं काय? पॅकेजिंग. सत्तरच्या दशकात पानमसाला बाजारात आला, ऐंशीच्या दशकात एक-दोन रुपयांच्या पुड्या टपरीवर माळेसारख्या लटकायला लागल्या. पान गेलं, अडकित्ता गेला, तबक गेलं. उरली कोरडी सुपारी, आणि ती दिवसभर गालात. गुटखा आला, मावा आला, विदर्भात खर्रा आला. जी गोष्ट जेवणानंतर एकदा व्हायची ती शाळकरी पोराच्या खिशात गेली.

परिणाम गुजरातमध्ये मोजला गेला. भावनगर जिल्ह्यात तंबाखू किंवा सुपारी खाणारे ५,०१८ पुरुष तपासले, त्यातल्या १६४ जणांना हा आजार निघाला. बहुतेक जण पस्तिशीच्या आतले. १९९८ मध्ये छापलेल्या त्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता, ही नवी साथ आहे का?

आत नेमकं काय होतं? सुपारीत अरेकोलिन नावाचं रसायन असतं. ते अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेनचे धागे बनवायला लावतं. सुपारीतलं तांबं ते धागे एकमेकांना घट्ट बांधतं, टॅनिनमुळे ते सहज मोडत नाहीत. तयार होणं चालू, साफ होणं बंद. हळूहळू गालात दोऱ्यांसारखे पट्टे जाणवतात. आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी उघडतं. जबड्याचा सांधा धड असतो, पण गालच त्याला उघडू देत नाहीत.

आणि हे इथंच थांबत नाही. केरळात एर्नाकुलमला असे ६६ रुग्ण १७ वर्षं पाहिले गेले. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. 'मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो' असं माझा मित्र म्हणायचा. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं. तंबाखू असो वा नसो.

महाराष्ट्रानं २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. त्याच २००४ मध्ये शरद पवारांवर तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आपल्या व्यसनाबद्दल ते पुढे जाहीरपणे बोलले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील आबा तोंडाच्या कॅन्सरनं गेले, वय फक्त ५७. आणि २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खात होते. ओढणारे फक्त ३.८ टक्के. आपलं व्यसन धुराचं नाहीच, चघळण्याचं आहे.

मित्राचं काय? त्यानं सुपारी सोडली. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, तोंडात लाकडी पट्ट्या एकावर एक रचून रोज थोडं थोडं उघडायचं. गेलेलं सगळं परत येणार नाही हे त्याला स्वच्छ सांगितलंय. पण आहे तेवढं राखता येतं.

आजीला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांच्या पिढीची तोंडं मोजली गेली, पण तो कागद त्यांच्यापर्यंत कधी पोचला नाही. आपल्यापर्यंत आज पोचला. तेव्हा घरात, ऑफिसात, टपरीवर जो कुणी पुडी फोडतो त्याला भाषण देऊ नका. नुसतं म्हणा, तीन बोटं घालून दाखव. बसली नाहीत तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या. व्यसन सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.